जुन्या लॅपटॉपवर लिनक्स शिकायला सुरुवात कशी करायची

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि त्याच आठवड्यात आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांचा लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. ह्याचं काय करायचं आता, म्हणाले. चार जीबी रॅम, आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क, चालू होऊन हातात यायला चहा होऊन जायचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो, ते ह्यात नव्हतं. एका दुकानात दाखवला तर त्यांनी न उघडताच सांगितलं की हा टाका, नवीन घ्या. मला ते पटलं नाही, कारण कीबोर्ड धड होता, स्क्रीन धड होती, आणि अण्णांना करायचं काय तर भजनी मंडळाचा हिशोब, अभंग टाइप करून प्रिंट काढणं, बँकेचं पान उघडणं आणि नातवाशी व्हिडिओवर बोलणं. हे सगळं आज तो लॅपटॉप लिनक्स मिंटवर करतोय, आणि अण्णा अपडेटसुद्धा स्वतःच टाकतात.

तेव्हापासून मला ओळखीतले बरेच जण विचारतात की लिनक्स शिकायचंय, कुठून सुरू करू, कुठला कोर्स लावू. माझं म्हणणं एकच असतं आणि हे सगळं मी त्यासाठीच लिहितेय: आधी कोर्स लावू नका, आधी रोजचं काम तिथे न्या. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतात आणि पाण्यात सोडतात, काठावर बसवून हातवारे शिकवत नाहीत. लिनक्सचंही तसंच आहे, डबा कुठला बांधायचा ते मी सांगते, पाण्यात मात्र तुम्हालाच उतरायचंय.

आधी थोडक्यात हे काय आहे ते. लिनक्स हा खरं तर सिस्टीमचा गाभा, त्याला कर्नल म्हणतात. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने हेलसिंकीत छंद म्हणून लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्या आधीच, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प सुरू केला होता, त्यात बाकीची अवजारं तयार होत होती पण कर्नल काही पुरा होत नव्हता. ही दोन्हीकडची कामं जुळली आणि वापरता येईल अशी पूर्ण सिस्टीम उभी राहिली. ओपन सोर्स म्हणजे आतला कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, वाटता येतो. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सच आहे, आणि जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर चालतात. म्हणजे हे काही हौशी लोकांचं खेळणं नाही. एवढं कळलं की पुरे, इतिहास नंतर वाचत बसा.

आता पहिला अडथळा, आणि इथे निम्मे लोक अडकतात: कुठलं लिनक्स? गाभा एक असला तरी त्याभोवती डेस्कटॉप, सेटिंग, सॉफ्टवेअर बांधून जे तयार पॅकेज देतात त्याला डिस्ट्रो म्हणतात आणि असे डिस्ट्रो शेकड्याने आहेत. डेबियन १९९३ चं, उबुंटू २००४ चं, फेडोरा आहे, आर्च आहे, आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेचं बॉस लिनक्सही आहे जे डेबियनवरच उभं आहे. लोक दोन-दोन महिने नुसते तुलनेचे व्हिडिओ बघत राहतात, आज हे टाक उद्या ते टाक, आणि शिकणं बाजूलाच राहतं. तर माझं ऐका, लिनक्स मिंट घ्या आणि तीन महिने दुसऱ्या कशाकडे बघू नका. मिंट २००६ पासून आहे, उबुंटूवर बेतलेलं आहे त्यामुळे उबुंटूसाठी जी उत्तरं मिळतात ती बहुतेक इथेही लागू पडतात, खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू आणि खाली पट्टी असल्यामुळे विंडोजवरून आलेल्या माणसाला बावरायला होत नाही, आणि सध्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंटचे तीन प्रकार असतात, सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन, चार किंवा त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई, माते मधलं. अण्णांच्या लॅपटॉपवर एक्सएफसीई आहे. एक खर्च मात्र करा, आत जुनी फिरणारी डिस्क असेल तर ती काढून छोटा एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क, बसवून घ्या. खरं सांगायचं तर वेगातला मोठा फरक त्यानेच पडतो, लिनक्सने पडतो त्याहून जास्त.

टाकण्याआधी एक कागद घ्या आणि तुम्ही कॉम्प्युटरवर महिन्याभरात काय काय करता ते लिहून काढा, अगदी छोटं कामसुद्धा. ब्राउझरमध्ये चालणारं सगळं जसंच्या तसं चालेल. वर्ड एक्सेलच्या फायली लिबरऑफिसमध्ये, म्हणजे तशाच कामाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, उघडतात, साधी पत्रं आणि हिशोब नीट उघडतात, खूप सजवलेली फाईल असेल किंवा एक्सेलमध्ये मॅक्रो असतील तर विस्कटू शकतं, तेव्हा आपल्या दोन-तीन खऱ्या फायली आधी उघडून बघा (लिबरऑफिस विंडोजवरही फुकट टाकता येतं, म्हणजे ही परीक्षा आजच घेता येईल). टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ, पेजमेकर हे थेट चालत नाहीत. तुमचं पोट टॅलीवर असेल तर त्या मशीनवर विंडोज राहू द्या, लिनक्स दुसऱ्या मशीनवर किंवा सोबत टाका, उगाच हट्ट करू नका. आणि मराठीत डीटीपी केलेलं जुनं काम असेल, श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमधलं, तर ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीतलं, नाही हे लक्षात घ्या. तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतील, ती लिनक्सची चूक नाही, ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागेल.

मग बॅकअप. फोटो, कागदपत्रं, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून ठेवा हे मी मुद्दाम म्हणतेय. सुरुवातीच्या काळात मी एका मशीनवर लिनक्स टाकताना बॅकअपची डिस्क तशीच जोडलेली ठेवली होती, इन्स्टॉलरने दोन डिस्क दाखवल्या, मी नावं आणि आकार न वाचता वरची निवडली आणि पुसून टाका म्हटलं. पुसली गेली ती बॅकअपची. चार वर्षांचे फोटो गेले, त्यात माझ्या आईचे शेवटच्या दिवाळीचे होते, ते परत आले नाहीत. म्हणून सांगते, डिस्क काढा.

आता प्रत्यक्ष काम. किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाईल, म्हणजे अख्खं मिंट एका फायलीत, उतरवा, साधारण तीन जीबीच्या आसपास असते, वायफाय मध्येच तुटत असेल तर उतरलेली फाईल अर्धवट नाही ना हे तपासायची पद्धत त्याच साइटवर दिलीय, ती करा, कारण अर्धवट आयएसओमुळे पुढे असे विचित्र एरर येतात की माणूस लिनक्सलाच नावं ठेवतो. मग विंडोजवर रुफस किंवा बलेना एचर नावाचं छोटं सॉफ्टवेअर घेऊन त्यातून ती आयएसओ पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी पेस्ट करून चालत नाही, ही चूक फार जण करतात.

विंडोज ठेवून सोबत लिनक्स टाकणार असाल तर विंडोजमध्ये आधी दोन गोष्टी बघा. एक, बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का, असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कागदावर, नाहीतर नंतर स्वतःच्याच फायलींच्या दारात उभे राहाल. दोन, पॉवरच्या सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंदच होत नाही, अर्धं झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

पेनड्राइव्ह लावून मशीन रीस्टार्ट करा आणि कंपनीचं नाव दिसतं न दिसतं तोवर बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलवर एफ १२, एचपीवर एस्केप दाबून मग एफ ९, असूसवर एस्केप. मेन्यूत पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. ह्याला लाइव्ह सेशन म्हणतात आणि हाच तो पाठीला बांधलेला डबा. तुमच्या डिस्कवर अजून एक अक्षरही बदललेलं नाही, सगळं पेनड्राइव्हवरून चालतंय, पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं की जुनं विंडोज जिथल्या तिथे.

इथे घाई करू नका, एक अख्खी संध्याकाळ द्या. वायफाय जोडून बघा. गाणं लावून आवाज बघा. ब्राइटनेसची बटणं, कॅमेरा, ब्लूटूथ, झाकण बंद करून उघडल्यावर जागं होतंय का, प्रिंटर जोडून एक पान काढून बघा. बरेच प्रिंटर आपोआप ओळखले जातात, पण काही छोट्या लेझर प्रिंटरना खास ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतो आणि तिथे डोकं आपटावं लागतं, ते आत्ताच कळलेलं बरं. वायफाय दिसतच नसेल तर घाबरू नका, फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं, आणि नंतर ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर टाकता येतो. ही युक्ती मला कुणी आधी सांगितली असती तर माझे दोन दिवस वाचले असते.

सगळं ठीक वाटलं की डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह उघडा. भाषा इंग्रजी ठेवा असा माझा सल्ला आहे, मराठीचं प्रेम कमी म्हणून नाही, तर एरर आला की तो जसाच्या तसा शोधता यावा म्हणून, मराठी टाइपिंग आपण नंतर लावणारच आहोत. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकोनात टिक करा, गाणी आणि व्हिडिओ चालायला ते लागतात. मग मुख्य प्रश्न येतो, विंडोजच्या सोबत टाकायचं की डिस्क पुसून टाकायचं. इथे थांबा, पाणी प्या, पडद्यावरचं प्रत्येक वाक्य वाचा, डिस्कचा आकार बघून ओळखा की हीच का ती. एसडीए, एसडीबी किंवा एनव्हीएमई अशी नावं दिसतील, नावावर नाही तर आकारावर विश्वास ठेवा. पुढे नकाशात भारतावर क्लिक केलं की कोलकाता येतं, तेच आपलं घड्याळ. नाव आणि पासवर्ड द्या, पासवर्ड वहीत लिहा. एसएसडी असेल तर साधारण पंधरा ते तीस मिनिटांत होतं.

विंडोज सोबत ठेवलं असेल तर एक गंमतशीर गोष्ट दिसेल, विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. बिघाड नाही तो. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं, आणि आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ही कमांड (इंग्रजी लहान अक्षरांत) एकदा दिली की मिटतं.

पहिल्यांदा चालू झाल्यावर वेलकमची खिडकी येते, तिच्यातली पहिल्या पावलांची यादी खरंच करा. ड्रायव्हर मॅनेजर, मग खाली कोपऱ्यातलं ढालीचं चिन्ह म्हणजे अपडेट मॅनेजर, आणि सगळ्यात महत्त्वाचं टाइमशिफ्ट. टाइमशिफ्ट सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतं, उद्या काही टाकून सिस्टीम बिघडली तर कालच्या स्थितीला परत नेतं. रोजचे दोन आणि आठवड्याचे दोन स्नॅपशॉट ठेवा, पुरे. पण हे तुमचे फोटो आणि कागदपत्रं जपत नाही, मुळात ती वगळलेली असतात, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

सॉफ्टवेअर टाकायची पद्धत इथे वेगळी आहे आणि ती समजायला माझे अण्णा चार दिवस घेत होते. विंडोजमध्ये आपण कुठल्या तरी साइटवर जातो, हिरव्या डाउनलोडच्या बटणांतलं खरं कुठलं ते शोधतो, फाईल उतरवतो, नेक्स्ट नेक्स्ट करतो. इथे सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव शोधायचं, इन्स्टॉल म्हणायचं, बस. मी अण्णांना म्हटलं, अहो अण्णा, हे म्हणजे रस्त्यावर फिरून वस्तू गोळा करण्यापेक्षा आपल्या नेहमीच्या वाण्याला यादी देणं आहे, माल त्याने पारखून ठेवलेला असतो आणि नवा आला की तोच घरी पाठवतो. मग त्यांच्या लक्षात आलं की अपडेट मॅनेजर एकाच वेळी सगळ्याच सॉफ्टवेअरचे अपडेट का दाखवतो.

आता मराठी, ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बहुतेक ठिकाणी हा भाग एका ओळीत उरकतात. मराठी वाचायला काहीच करावं लागत नाही, युनिकोड देवनागरी फॉन्ट आधीच असतात. लोहित नावाचा फॉन्ट तुम्हाला कुठे दिसला तर सांगते, त्यावर रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी बरंच काम केलेलं आहे. टाइप करायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या भागात जा, नवीन जोडा म्हणा आणि मराठी शोधा. एक इनस्क्रिप्ट मिळेल आणि एक कगप नावाचा, जो उच्चारावर चालतो. भाषा बदलायचं बटण तिथेच ठरवता येतं, मी ऑल्ट आणि शिफ्ट ठेवलंय. फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय असेल तर कगप लवकर जमेल. पण रोज दोन-चार पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्ट शिका. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला आहेत, क हा के वर, र जे वर, त एल वर, आणि पाय मोडायचा तो डी वर. ळ साठी शिफ्ट आणि एन. अण्णांची गाडी कुठे अडली तर वारकऱ्यांवर, म्हणजे त्या शब्दावर. र, पाय मोडका, य असं केलं की र्य होतो, आणि वारकर्यांना असं काहीतरी कागदावर येतं, ते त्यांना सहन होईना. ते शिफ्ट आणि जे दाबून मिळतं, तिथे दुसरा र आहे, नुक्त्याचा, तो घ्या, मग डी, मग य, की ऱ्या येतो. हे सापडलं त्या दिवशी त्यांनी वारकऱ्यांना, दिंडीकऱ्यांना, टाळकऱ्यांना असं एक अख्खं पान टाइप करून ठेवलं होतं. पंधरा दिवसांत हात बसला.

टर्मिनलला लोक फार घाबरतात. काळी खिडकी दिसली की हॅकिंग वाटतं. रोजच्या कामाला मिंटमध्ये टर्मिनल लागत नाही हे खरं, पण लिनक्स शिकायचं म्हणत असाल तर दिवसाला पंधरा मिनिटं तिथे बसाच, खरी मजा आणि खरी समज तिथेच येते. मी कमांड उच्चारल्यासारख्या लिहितेय, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. लहान मोठं अक्षर इथे वेगळं मानतात, मोठ्या पी चा फोटो फोल्डर आणि लहान पी चा फोटो फोल्डर हे दोन स्वतंत्र फोल्डर.

एक खराखुरा प्रसंग घेऊ. अण्णांच्या डाउनलोड्समध्ये लाइटबिलं, पावत्या, अभंगांच्या पीडीएफ, फोटो, सगळ्याचा काला झाला होता. आम्ही टर्मिनल उघडलं आणि आधी पीडब्ल्यूडी टाइप करून एंटर दाबलं, म्हणजे मी आत्ता कुठे उभा आहे. उत्तर आलं, तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, अण्णांचं नाव. इथे सी ड्राइव्ह डी ड्राइव्ह असं काही नसतं, सगळं एकाच झाडाखाली, त्या झाडाचं मूळ म्हणजे नुसती एक तिरकी रेघ, आणि तुमची खोली म्हणजे होममधला तुमच्या नावाचा फोल्डर. मग एलएस, म्हणजे इथे काय काय आहे ते दाखव. मग सीडी, स्पेस, आणि डाउनलोड्सची पहिली तीन-चार अक्षरं लिहून टॅब दाबला, बाकीचं नाव त्याने स्वतः पुरं केलं. ह्या टॅबची सवय पहिल्या दिवसापासून लावा, टायपिंगच्या निम्म्या चुका तिथेच वाचतात. मग एमकेडीआयआर, स्पेस, पावत्या असं इंग्रजी अक्षरांत, फोल्डर तयार. मग एमव्ही, स्पेस, चांदणी टिंब पीडीएफ, स्पेस, पावत्या, एंटर. चांदणी म्हणजे काहीही नाव असो, शेवट पीडीएफने होणारं सगळं उचल. पडद्यावर काहीच आलं नाही. अण्णा म्हणाले, बंद पडलं वाटतं. मी म्हटलं एलएस करा. दीडशेच्या वर फायली एका क्षणात जागच्या हलल्या होत्या. टर्मिनल गप्प राहिलं म्हणजे काम झालं, काही बिनसलं तरच ते बोलतं, हे त्यांना त्या दिवशी समजलं आणि तिथून पुढे भीती गेली.

आणखी काही गोष्टी ज्या कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस तिथेच अडतो. सुडोने सुरू होणारी कमांड म्हणजे मालकाच्या अधिकाराने कर, ती पासवर्ड मागते, आणि पासवर्ड टाइप करताना मिंटमध्ये पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटतात, दुसऱ्या बऱ्याच डिस्ट्रोंत तर काहीच उमटत नाही, तरी तो टाइप होतोय, करत राहा आणि एंटर दाबा. पेस्ट करायला कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही, नुसत्या कंट्रोल व्हीने होत नाही. चालू कमांड थांबवायची तर कंट्रोल सी. वरचा बाण दाबला की आधीच्या कमांड परत येतात. कुठल्याही कमांडची माहिती हवी तर एमएएन लिहून स्पेस आणि कमांडचं नाव, आणि त्यातून बाहेर पडायला क्यू, हा क्यू माहीत नसल्यामुळे मी पहिल्यांदा अख्खी खिडकी बंद केली होती. आरएम म्हणजे पुसणं, आणि इथून पुसलेलं कचरापेटीत जात नाही, थेट जातं, म्हणून आरएमच्या आधी त्याच नावाने एलएस करून बघायचं की कुठल्या फायली हाताला लागतायत. आणि इंटरनेटवर दिसलेली सुडोची कमांड, एकेका शब्दाचा अर्थ समजल्याशिवाय चिकटवायची नाही. ह्यात मी कुणालाच सूट देत नाही.

एरर आला की लोक खिडकी बंद करतात. उलट तो वाचा, मोठ्याने वाचा. परमिशन डिनाइड म्हणजे तुम्हाला तो अधिकार नाही. नो सच फाइल म्हणजे नाव चुकलं किंवा तुम्ही भलत्याच फोल्डरात उभे आहात. कमांड नॉट फाउंड म्हणजे स्पेलिंग चुकलं किंवा ते सॉफ्टवेअर टाकलेलंच नाही. सुरुवातीचे बहुतेक एरर ह्या तिघांतले असतात. बाकीचे जसेच्या तसे कॉपी करून शोधा, मिंट आणि आवृत्तीचा आकडा जोडून. एक वही ठेवा, तारीख, काय करायला गेलो, काय एरर आला, कशाने सुटलं. माझी पहिली वही अजून टेबलावर असते आणि आठवड्यातून एकदा तरी उघडली जाते.

पहिल्या महिन्यात काय काय करायचं म्हणाल तर पहिला आठवडा टर्मिनलला हातही लावू नका, नुसतं रोजचं काम करा, ब्राउझर, ऑफिस, प्रिंट, मराठी. दुसऱ्या आठवड्यात वरच्या सात-आठ कमांड, फक्त एका सरावाच्या फोल्डरात, दहा खोट्या फायली करून हलवा, नावं बदला, पुसा. तिसऱ्यात सुडो एपीटी अपडेट आणि सुडो एपीटी अपग्रेड, म्हणजे जे ढालीचं चिन्ह करतं तेच हाताने (एपीटी म्हणजे टर्मिनलमधला सॉफ्टवेअर मॅनेजर), आणि एखादं छोटं सॉफ्टवेअर एपीटीने टाकून परत काढून बघा, सोबत डीएफ आडवी रेघ एच आणि फ्री आडवी रेघ एच, ज्याने डिस्क आणि रॅम किती उरली ते कळतं. चौथ्यात फायलींचे अधिकार म्हणजे परमिशन, हा विषय आठवडाभर घ्या कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

शिकवणी हवीच असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. लिनक्स, लिबरऑफिस आणि बरंच काही, छोटे छोटे व्हिडिओ, मराठी आवाजातही आहेत, फुकट आहेत, आणि त्यांची पद्धत मला पटते, एका बाजूला व्हिडिओ चालू ठेवायचा, तो थांबवत थांबवत आपल्या मशीनवर तेच करायचं. आमच्या शेजारची नववीतली मुलगी त्यावरूनच शिकली आणि आता शाळेच्या प्रकल्पाची सगळी मांडणी लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये करते. पुण्यात असाल तर तिथे लिनक्स वापरणाऱ्यांचा प्लग नावाचा जुना गट आहे, समोरासमोर बसून विचारण्यासारखं दुसरं काही नाही.

महिना झाल्यावर मोडायला एक वेगळी जागा करा. व्हर्च्युअलबॉक्स टाकलं की मिंटच्या आतच दुसरं खोटं मशीन उभं करता येतं, आठ जीबी रॅम असेल तर आरामात चालतं, त्यात डेबियन टाका, फेडोरा टाका, हवं ते पुसा, बिघडवा, परत उभं करा. रोजच्या मशीनला मात्र हात लावू नका. आणि मिंटची नवीन आवृत्ती आली म्हणून पहिल्याच दिवशी उडी मारायची नाही, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर, डिस्क काढून कपाटात, आणि मगच अपडेट मॅनेजरमधून अपग्रेड. अण्णांच्या कपाटातल्या डिस्कवर मी मार्करने लिहून ठेवलंय, अपग्रेडच्या आधी काढणे.